गुडघ्याचा एमआरआय १२ मिनिटांत उरकला. मशीनने 'भरून काढलं' म्हणजे नक्की काय केलं?

पूर्वभागकर | सोमवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय. सांभाळून घ्या.

अम्माचा उजवा गुडघा दिवाळीपासून दुखतोय. वय ६८. जिना उतरताना कट्कन वाजतो आणि मध्येच अडकतो. डॉक्टरांनी एमआरआय सांगितला. पहिल्या सेंटरचं नाव लिहीत नाही, उगाच वाद नको. तिथे चाळीस मिनिटं लागली आणि रिपोर्टात वरच एक ओळ आली: रुग्णाच्या हालचालीमुळे प्रतिमा अस्पष्ट, गरज वाटल्यास तपासणी पुन्हा करावी. पैसे मात्र पूर्ण घेतले. मी काउंटरवर विचारलं तर म्हणे, "पेशंटनं पाय हलवला, आम्ही काय करणार?"

आता गंमत ऐका. सगळे म्हणत होते आत फार आवाज असतो, म्हातारी घाबरेल. अम्माचं उभं आयुष्य यंत्रमागाच्या खडखडाटात गेलंय. आत सरकवल्यावर पाच मिनिटांत तिला झोप लागली! बाहेर आल्यावर म्हणते, "मागाशेजारी पडल्यासारखं वाटलं रे." झोपेतच दचकून पाय हलवला असणार.

मग दुसरीकडे गेलो. मी बाहेर चहा सांगितला, चहा संपून दोन फोन झाले तोवर अम्मा बाहेर. घड्याळ लावून १२ मिनिटं. तिथला पोरगा म्हणाला, "काका, नवीन सॉफ्टवेअर आहे, एआयवालं. डेटा कमी घ्यायचा, राहिलेलं मशीन भरून काढतं."

हे 'भरून काढतं' माझ्या डोक्यात अडकलंय. मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत जकार्डची (मागावर नक्षी उठवायची) डिझाईनं करतो, चादर आणि टॉवेल दोन्ही. भरून काढणं आमच्याकडेही चालतं. चादरीत बाण्याचा, म्हणजे आडवा, एखादा धागा तुटला तर जाणकार बाई शेजारची नक्षी बघून सुईनं तो असा भरते की गिऱ्हाइकाला पत्ता लागत नाही. पण ती भरते काय? तिथे जे असायला हवं होतं ते. आणि गुडघ्यात मला बघायचंय ते, जे असायला नको होतं. मशीनने आपल्या मनाने चांगला गुडघा विणून दिला तर?

रिपोर्ट परवा मिळणार आहे. तोवर कुणी जाणकार असेल तर सांगा.

---

कडकभाकरी | सोमवार, रात्री १०:५८

काय सांगालाव अण्णा! १२ मिनिटांत तर नवी पेठेत गाडी लावायला जागा घावत नाही.

अम्माला झोप लागली हे मात्र लई भारी.

---

कॉइलवाली | सोमवार, रात्री ११:२०

पूर्वभागकर, मी एमआरआय मशीनच चालवते, चौदा वर्षं झाली. आधी जुन्या दीड टेस्लावर (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप), आता नव्यावर. तेव्हा मशीनच्या बाजूने बोलते.

वेळ कुठे जातो ते एकदा हिशोबाने बघा. गुडघ्याला साधारण चार-पाच सिक्वेन्स, म्हणजे चित्रांचे वेगवेगळे संच, लागतात. एका सिक्वेन्सचा वेळ = टीआर (मोजण्याच्या एका फेरीचा वेळ) × ओळी × ॲव्हरेज (तीच ओळ किती वेळा मोजायची) ÷ टर्बो फॅक्टर (एका फेरीत किती ओळी). टीआर ३ सेकंद धरा, ओळी ३२०, ॲव्हरेज २, टर्बो ८. म्हणजे २४० सेकंद, चार मिनिटं. असे पाच झाले की वीस. त्यात पेशंटला झोपवणं, कॉइल (संकेत पकडणारा अँटेना) बांधणं, लोकलायझर (जागा ठरवायचं पहिलं झटपट चित्र), प्लॅनिंग. आणि पेशंट हलला की तो सिक्वेन्स पुन्हा. तुमची चाळीस मिनिटं अशी झाली.

यात 'ओळी' हा खरा खर्च आहे. एमआरआय एका झटक्यात फोटो काढत नाही, एकेक ओळ मोजत जातो. ३२० पैकी निम्म्याच ओळी मोजल्या तर दोन मिनिटं. ॲव्हरेजही एकच ठेवलं तर एक मिनिट. पाव ओळी घेतल्या तर तीस सेकंद. प्रश्न एवढाच, की न मोजलेल्या ओळींचं काय करायचं. तो पोरगा 'भरून काढतं' म्हणाला ते याबद्दल.

आणि एक, राग मानू नका. पहिल्या सेंटरची तपासणी संथ होती म्हणून चांगली होती असं नाही. चार मिनिटं गुडघा न हलवणं दुखणाऱ्या माणसाला कठीण. सिक्वेन्समध्ये कुठेही हललं की त्या हलण्याचे भुतासारखे पडसाद सगळ्या चित्रावर पसरतात, आम्ही त्याला घोस्टिंगच म्हणतो. ॲव्हरेज वाढवून ते जात नाही. सिक्वेन्स छोटा झाला की हलायला वेळच मिळत नाही. तरी त्यांनी तिला झोप लागलीय हे कॅमेऱ्यात बघून माइकवरून हाक मारायला हवी होती. पायाला दोन्ही बाजूंनी फोमच्या उशा तरी दाबून लावायच्या. ही चूक मशीनची नाही.

---

गणितमास्तर | मंगळवार, सकाळी ६:०५

विषय आवडीचा निघाला म्हणून फिरायला जायच्या आधी लिहितो. तीस वर्षं गणित शिकवलं, सवय जात नाही.

पहिली गोष्ट, 'फोटो' हा शब्द डोक्यातून काढा. एमआरआयमध्ये फोटो काढलाच जात नाही. शरीरातल्या पाण्यात आणि चरबीत हायड्रोजन असतो, त्याच्या केंद्रकातला प्रोटॉन चुंबकात ठरावीक गतीने डोलतो. १ टेस्लाला सेकंदाला ४.२६ कोटी वेळा, म्हणजे दीड टेस्लाला सुमारे ६.४ कोटी. रेडिओ स्टेशनसारखाच प्रकार. जागेप्रमाणे चुंबकाची ताकद किंचित बदलली की डोलण्याची गतीही बदलते, आणि संकेत कुठून आला ते गणिताने काढता येतं. ही युक्ती पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांना आणि पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. मधल्या काळात १९७५ मध्ये रिचर्ड अर्न्स्ट यांनी फूरिये रूपांतर (लहरींत मोडायचं गणित) वापरायची पद्धत दिली, ओळीओळीने मोजण्याची आजची रीत तिथून आली. १९७७ मध्ये डमॅडियन यांच्या यंत्रावर माणसाच्या छातीचं पहिलं चित्र काढायला जवळजवळ पाच तास लागले होते. अम्माची १२ मिनिटं त्या पार्श्वभूमीवर बघा.

आता तुमच्याच धंद्यातून सांगतो. एक सोलापुरी चादर घ्या. तिच्यातले रुंद पट्टे हा एक 'सूर', काठाची बारीक नक्षी हा दुसरा, प्रत्येक धाग्याची वीण हा आणखी बारीक. कुठलंही चित्र अशा संथ आणि जलद लहरींची बेरीज म्हणून लिहिता येतं. एमआरआयचं यंत्र चित्रातले ठिपके मोजत नाही, ते या लहरी मोजतं. त्यांचा जो तक्ता भरतो त्याला के-स्पेस म्हणतात. तक्त्याच्या मध्यभागी संथ लहरी: उजेड-अंधार, ढोबळ आकार. कडेला जलद लहरी: कडा, बारीक रेघा. तक्ता भरला की उलटं फूरिये करायचं आणि चित्र तयार.

म्हणून त्या तक्त्यातली एक ओळ गाळली तर चादरीतला एक धागा जात नाही. सगळ्या चादरीवर थोडा थोडा परिणाम होतो. तुमची सुईवाली बाई भोक कुठे आहे ते बघून भरते. इथे भोक चित्रात नसतंच, ते लहरींच्या तक्त्यात असतं. 'भरून काढणं' हा शब्द सारखा असला तरी काम तेच नाही.

---

कडकभाकरी | मंगळवार, सकाळी ९:३१

मास्तर, भोक तक्त्यात असू दे नाहीतर चादरीत. न मोजलेलं ते न मोजलेलंच की. शेवटी अंदाजपंचे दाहोदरसे!

---

गणितमास्तर | मंगळवार, सकाळी १०:१५

शंका रास्त आहे, पण अंदाजाचेही प्रकार असतात.

पहिला प्रकार अंदाजच नाही. गुडघ्याभोवती जी कॉइल बांधतात तिच्यात आठ-पंधरा वेगवेगळे अँटेना असतात, आणि प्रत्येकाला आपल्याजवळचा भाग मोठ्याने ऐकू येतो. गड्ड्याच्या यात्रेत सातही नंदीध्वजांची मिरवणूक एकाच कॅमेऱ्याने टिपायची तर गल्लोगल्ली फिरावं लागेल. सात चौकांत सात जण उभे केले तर प्रत्येकाने थोडंच टिपलं तरी भागतं, कारण कोण कुठे उभा आहे ते आपल्याला ठाऊक असतं. हे समांतर मोजमाप. १९९७ मध्ये स्मॅश, १९९९ मध्ये सेन्स, २००२ मध्ये ग्रापा अशा पद्धती आल्या. सगळीकडे रोज वापरतात. यात समीकरणं सोडवून उत्तर निघतं, आपल्या मनाचं काही घालावं लागत नाही. किंमत एकच: चित्रात खरखर वाढते. निम्म्या ओळी मोजल्या तर संकेत आणि खरखर यांचं प्रमाण वर्गमूळ दोनाने घटतं, म्हणजे सुमारे ७० टक्क्यांवर येतं. पाव ओळी घेतल्या तर निम्म्यावर. अँटेना जवळजवळ असतील तर आणखी खाली.

दुसऱ्या प्रकारात खरी गंमत आहे. २००४ च्या सुमारास इमॅन्युएल कँडेस हे गणिती एका नमुना-चित्रावर काम करत होते. फारच थोड्या लहरी मोजलेल्या, चित्र गढूळ. थोडंफार साफ होईल या अपेक्षेने त्यांनी एक रीत लावली आणि चित्र तंतोतंत परत आलं. त्यांचा स्वतःचाच विश्वास बसेना. मग टेरेन्स टाओ आणि जस्टिन रोमबर्ग यांच्याबरोबर त्यांनी त्याची सिद्धता दिली, डेव्हिड डोनोहो यांनीही स्वतंत्रपणे. २००६ मध्ये हे निबंध छापून आले. २००७ मध्ये मायकेल लस्टिग, डोनोहो आणि जॉन पॉली यांनी ते एमआरआयला लावून दाखवलं. नाव कॉम्प्रेस्ड सेन्सिंग.

त्यातलं मर्म असं. कुठलंही खरं चित्र मनमानी नसतं. तुमची चादर ठिपक्या-ठिपक्याने लिहायची तर लाखो आकडे लागतील, पण जकार्डच्या कार्डांची (भोकं पाडलेली, मागाला नक्षी सांगणारी) एक गड्डी दिली की अख्खी चादर विणून होते. म्हणजे खरी माहिती थोडीच. मोजलेल्या ओळींशी जुळणारी चित्रं अगणित असतात, त्यातलं सगळ्यात कमी कार्डांत मावणारं निवडायचं. अट एक: ओळी गाळताना ठरावीक अंतराने गाळायच्या नाहीत, विस्कळीत गाळायच्या.

---

हिप्परगा | मंगळवार, दुपारी १:४०

माहिती छान, पण सामान्य माणसाचा प्रश्न विचारतो. वेळ तिपटीने कमी झाला तर दर का कमी होत नाही? आमच्याकडे दोन्ही ठिकाणी सारखाच दर सांगितला.

---

कॉइलवाली | मंगळवार, दुपारी २:२५

हिप्परगा, मशीनचा हप्ता मिनिटांवर ठरत नाही हो. चुंबक उणे २६९ अंशाला ठेवायला हेलियम, चिलर चोवीस तास चालू, सोलापूरच्या मे महिन्यात तर चिलरची परीक्षाच. त्यावर सॉफ्टवेअरचं लायसन्स वेगळं.

फायदा झाला तो रांगेला. पूर्वी दुपारचा नंबर संध्याकाळी सातला लागायचा. लहान मुलांना भूल न देता काढणं जमायला लागलं, पाठदुखीवाला जो दहा मिनिटं सरळ झोपू शकत नाही त्याचं होतं, हृदयाच्या तपासणीत श्वास कमी वेळ रोखावा लागतो. दर कमी व्हायला हवा हे मलाही वाटतं. तो माझ्या हातात नाही.

---

काळीफिल्म | मंगळवार, रात्री ११:०५

मी रेडिओलॉजिस्ट, मूळ सोलापूरचा, सध्या पुण्यात. दिवसाला असे ढीगभर गुडघे वाचतो. पूर्वभागकर, तुमची भीती अडाणीपणाची नाही. आमच्या संमेलनांत याच प्रश्नावर तासन्‌तास वाद होतात.

मास्तरांनी सांगितलेल्या दोन पायऱ्यांनंतर तिसरी आली, डीप लर्निंगची. इथे 'कमी कार्डांत मावणारं चित्र' हा नियम माणूस लिहून देत नाही. हजारो पूर्ण मोजलेली चित्रं दाखवून जाळ्याला, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणक-प्रणालीला, शिकवतात, की गाळलेल्या ओळींचं चित्र असं दिसतं आणि पूर्ण ओळींचं असं. ऑगस्ट २०१८ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाचं लँगोन हेल्थ आणि फेसबुकचा एआय विभाग यांनी फास्टएमआरआय हा प्रकल्प जाहीर केला आणि दीड हजाराहून अधिक गुडघ्यांचा कच्चा डेटा जगाला खुला केला. हो, गुडघ्यांचाच! २०२० मध्ये त्यांनी १०८ रुग्णांवर केलेला अभ्यास छापला. चौपट वेगाची चित्रं आणि नेहमीची चित्रं, सहा रेडिओलॉजिस्ट. निदानात एकाच्या जागी दुसरं चालेल असा निष्कर्ष निघाला, वर वेगवान चित्रांचा दर्जा बरा ठरला. मात्र तेव्हा पूर्ण मोजून मग ओळी गाळल्या होत्या. खरोखर कमी ओळी मोजून केलेला अभ्यास त्यांनी २०२३ मध्ये दिला, त्याचाही कौल तसाच होता. दरम्यान २०२० मध्ये जीईच्या एअर रिकॉन डीएलला अमेरिकेत परवानगी मिळाली. सीमेन्सचं डीप रिझॉल्व्ह, फिलिप्सचं स्मार्टस्पीड, कॅननचं एआयसीई ही त्याच कुळातली.

आता दुसरी बाजू. त्याच प्रकल्पाने २०२० मध्ये मेंदूच्या चित्रांची स्पर्धा घेतली, चौपट आणि आठपट वेगाची. आठपटीला काही जाळ्यांनी नसलेल्या गोष्टी काढून दाखवल्या. परीक्षक रेडिओलॉजिस्टांना सगळ्यात जास्त खटकलं ते हे, की त्या खोट्या गोष्टी निरोगी रचनेसारख्या दिसत होत्या. तुम्ही विचारलंत तेच: मशीनने मनाने चांगलं विणून दिलं तर? त्याच वर्षी पीएनएएस या विज्ञान-नियतकालिकात वेगार्ड अँटुन आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. मोजमापात डोळ्याला न दिसणारा बदल केला तरी काही जाळी भलतंच चित्र देतात, आणि बारीक खूण पुसली जाऊ शकते, हे त्यांनी दाखवलं.

मग आम्ही वापरतो कसं? चांगल्या पद्धतींत एक लगाम असतो. जाळ्याने चित्र दिलं की ते परत लहरींच्या तक्त्यात नेतात आणि ज्या ओळी खऱ्या मोजल्यात त्यांच्याशी ताडून बघतात. न जुळलं तर दुरुस्ती, पुन्हा जाळं, पुन्हा ताडणं, अशा बऱ्याच फेऱ्या. मोजलेल्या ओळींच्या विरोधात जायची जाळ्याला मुभा नाही. नुसतं तयार चित्र घेऊन गुळगुळीत करणारं सॉफ्टवेअर यापेक्षा वेगळं. सेंटरला विचारायचं तर हे विचारा, आणि वेग किती पट ठेवला तेही. दुप्पट-चौपटीला मी निवांत असतो. त्यापुढे भुवया वर जातात.

माझी स्वतःची तक्रार निराळी आहे. ही चित्रं कधी कधी फार सुंदर असतात. प्लॅस्टिकसारखी. जुन्या चित्रात खरखर दिसली की मनात यायचं, इथे जपून बोलावं. आता खरखरच नाही, त्यामुळे जपून कुठे बोलायचं ते कळत नाही.

---

कडकभाकरी | बुधवार, सकाळी ८:५०

डॉक्टर, शेवटचं वाक्य वाचून पोटात गोळा आला बघा.

---

पूर्वभागकर | गुरुवार, रात्री ९:१७

सगळ्यांचे आभार. दोन रात्री झोप नाही, पण अम्मामुळे नाही. मास्तर, तुमच्यामुळे.

भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्याला धरून बसवला. कारखान्यातून एक नापास चादर आणली. मधोमध बाण्याचा एक धागा तुटलेला, काठापासून काठापर्यंत बारीक फट. वरून सरळ फोटो काढला, ५१२ बाय ५१२ केला, फूरिये घेतलं. तक्ता बघून मी खुर्चीतून उठलोच. अख्खी चादर, लाल-काळी नक्षी, काठ, सगळं मिळून मोजके ठळक ठिपके, बाकी जवळजवळ अंधार! मास्तर, कार्डांची गड्डी म्हणालात ती हीच. नक्षी परत परत येते म्हणून ती मूठभर ठिपक्यांत मावते. आणि मधून एक फिकट उभी रेघ जात होती. भाचा म्हणाला, मामा, तुझा तुटलेला धागा हा आहे. चादरीत आडवा, इथे उभा.

पहिला प्रयोग: दर चौथी ओळ ठेवली, बाकी शून्य. चार चादरी एकमेकींवर पसरल्यासारखं चित्र आलं. काहीच कळेना.

दुसरा: मधल्या ओळी सगळ्या ठेवल्या, बाकीच्या विस्कळीत गाळल्या, एकूण पावच ठेवल्या. आता चार चादरी नाहीत. एकच चादर, पण रवा सांडल्यासारखी. मग भाच्याने फेऱ्या लावल्या: रवा झाडायचा, मोजलेल्या ओळी परत जागेवर ठेवायच्या, पुन्हा झाडायचा. पन्नास फेऱ्यांनंतर चादर निघाली. पावच मोजलं होतं हो! आणि तुटलेला धागा होता. फिकट, पण जागेवर.

तिसरा: मी म्हणालो झाडणी जोरात कर आणि मोजलेल्या ओळींवरची पकड ढिली सोड. शोरूमला लावावी अशी चादर आली. तुटलेला धागा गायब. सुईवाल्या बाईनेही इतका सफाईने भरला नसता. डॉक्टरांचं 'प्लॅस्टिक' आठवलं.

मग भाच्याने त्या सुंदर चादरीचा पुन्हा तक्ता काढला आणि मोजलेल्या ओळींतून वजा केला. उरलेल्या फरकाचं चित्र केलं. काळ्या पडद्यावर एक पुसट आडवी रेघ. धागा!

म्हणजे चोरी झाली तरी ती मोजलेल्या ओळींत सापडते. लगाम म्हणतात तो हाच ना डॉक्टर?

---

काळीफिल्म | गुरुवार, रात्री ११:४८

वा! हे आमच्या निवासी डॉक्टरांना करायला लावलं पाहिजे.

हो, लगाम तोच. पण एका ठिकाणी थांबवतो. फरकात धागा दिसला कारण त्याची खूण तुम्ही ठेवलेल्या ओळींत होती. तो आरपार तुटलेला, त्याची रेघ तक्त्यात वरपासून खालपर्यंत गेलेली, त्यामुळे कुठल्याही ओळी ठेवा, प्रत्येकीत थोडी सापडणारच. एखादी खूण जवळजवळ पूर्णपणे गाळलेल्याच ओळींत असेल तर? फरक शून्य येईल, सगळं जुळेल आणि खूण नसेल. जे मोजलंच नाही त्याच्याबद्दल ताडणीही गप्प बसते. म्हणून पटीला मर्यादा हवी. सॉफ्टवेअर कितीही हुशार असो.

---

कॉइलवाली | शुक्रवार, सकाळी ७:१०

यात आमची कामाची गोष्ट सांगते. कुठल्या दिशेने ओळी गाळायच्या आणि किती, हे कन्सोलवर आम्ही ठरवतो. रांग बाहेर उभी असते, मालक घड्याळ बघत असतो, आकडा एक पायरी वर सरकवायला एक क्लिक पुरते. चित्र तरीही छानच येतं, कुणाला कळत नाही. पूर्वी आकडा वाढवला की चित्र खरखरीत यायचं आणि डॉक्टरांचा फोन यायचा. आता फोन येत नाही. मी माझ्यापुरतं ठरवलंय, रेडिओलॉजिस्टने मान्य केलेल्या प्रोटोकॉलच्या पुढे क्लिक नाही.

पूर्वभागकर, रिपोर्ट आला का?

---

हिप्परगा | शुक्रवार, सकाळी १०:०२

कॉइलवाली ताई, तुमच्यासारखीच माणसं तिथे बसलेली असोत. दराचा मुद्दा मी सोडलेला नाही, वेगळा धागा काढतो.

---

पूर्वभागकर | शुक्रवार, रात्री १०:३०

आला. आतल्या बाजूच्या मेनिस्कसचा (गुडघ्यातल्या कूर्चेच्या गादीचा) मागचा कोपरा फाटलाय. हाडांच्या डॉक्टरांनी स्क्रीनवर दाखवलं. मेनिस्कस म्हणजे काळा त्रिकोण, त्यात पांढरी रेघ, आणि ती रेघ खालच्या कडेला टेकलेली. मी लगेच विचारलं, ही मशीनने काढलेली तर नाही? ते हसले. म्हणाले, रेघ एकाच स्लाइसवर, म्हणजे एकाच कापावर, असती तर मीही विचार केला असता, पण ही दोन स्लाइसवर टेकलेली दिसते, वर आडव्या आणि समोरच्या सिक्वेन्समध्येही त्याच जागी आहे. प्रत्येक सिक्वेन्स वेगळा मोजलेला, सगळ्यांनी मिळून एकच थाप कशी मारायची? शिवाय गुडघा अडकतो कुठे, दाबल्यावर दुखतो कुठे, तेही जुळलं. मग पहिल्या सेंटरची सीडी लावली. त्याच जागी धुरकट पट्टे. चाळीस मिनिटांचं चित्र, आणि कामाचं काही नाही.

सेंटरला फोन करून पट विचारली. तो पोरगा गडबडला, मग आत जाऊन विचारून आला: तीन. लगाम असतो का, याला उत्तर मिळालं नाही. इंजिनिअर आल्यावर विचारतो म्हणाला.

शस्त्रक्रियेचं लगेच नाही. सहा आठवडे व्यायाम, उकिडवं बसायचं नाही, मग बघू.

घरी आल्यावर अम्माने फिल्म मागितली. कारखान्यात कापड तपासायची तशी खिडकीच्या उजेडाकडे धरली, डोळे बारीक करून वरपासून खालपर्यंत बघितली आणि एका जागी बोट ठेवलं. "इथं तुटलंय बघ." मी डॉक्टरांनी दाखवलेली जागा शोधली. ती दुसरीच होती. अम्माचं बोट रक्तवाहिनीवर होतं.

सांगितलं तर म्हणते, "मग एवढा वाकडा धागा कोण घालतं रे?"